कालव्याचं पाणी आणि दवाखान्याचा पैसा



आज आपण दवाखान्याच्या पैशाबद्दल बोलू. औषधाच्या दुकानात आपण मोजतो तो पैसा सगळ्यांना माहीत आहे. सरकार दवाखान्यावर खर्च करतं तो पैसा कधी वाढतो, कधी आटतो आणि हे कोण ठरवतं, हा आजचा विषय. ऐकायला जड वाटेल, पण गटाची बैठक चालवणाऱ्या बाईला तो मुळीच जड नाही. गटात पैसे थोडे आणि मागणाऱ्या जास्त झाल्या की काय होतं? रोवणीच्या मजुरीला आधी द्यायचे, शेळीला द्यायचे, की पोरीच्या फीला? खूप बोलणं होतं, मग ठराव होतो. पाच वर्षांची ठराववही कोणी वाचली, तर त्या गटाला काय महत्त्वाचं वाटत होतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

सरकारच्या अशा वहीला अर्थसंकल्प म्हणतात, आपण बजेट म्हणतो. त्यात आकडे असतात आणि आकड्यांच्या मागे एक समजूत असते. आजारी माणसाची जबाबदारी कोणाची? त्याच्या घरच्यांची, की सरकारची? ज्याच्या हाती सत्ता त्याची समजूत वहीत उतरते, आणि तिचा परिणाम आपल्या अंगावर उतरतो.

आमच्या गटांच्या कर्जाच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. त्यात ‘आजारपण’ आणि ‘दवाखाना’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. शेळीचं कर्ज शेळी फेडते. दवाखान्याचं कर्ज मात्र बाईला दुसऱ्याच्या बांधीत वाकून फेडावं लागतं. म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

सुरुवात आपल्या नदीपासून करू. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो. आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या लेकी आपल्या घरी सुना होऊन आल्या आहेत. इंग्रजांच्या काळात भंडारा आणि बालाघाट दोन्ही एकाच मध्य प्रांतात होते. स्वातंत्र्यानंतर त्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली, भंडारा मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दोन्ही काठांवरचा ताप तोच राहिला, पण ठराववह्या दोन झाल्या. आपल्या घटनेत दवाखाने आणि आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे त्या काठाचं पुष्कळसं भोपाळला ठरतं, या काठाचं मुंबईला.

आरोग्य राज्यांकडे आलं त्यालाही गोष्ट आहे. १९१८ साली इन्फ्लुएंझाची मोठी साथ आली. देशात ज्या प्रांतांना सगळ्यात जास्त तडाखा बसला त्यांत आपला मध्य प्रांत होता. त्यानंतरच्याच वर्षी, १९१९ मध्ये, इंग्रजांनी नवा कायदा केला. दवाखाने आणि स्वच्छता ही खाती प्रांतातल्या देशी मंत्र्यांच्या हाती दिली. तिजोरीचं खातं मात्र गव्हर्नरने आपल्याच बाजूला ठेवलं. सासूने सुनेला चूल सोपवावी आणि कोठीची किल्ली आपल्या कमरेला ठेवावी, तसं झालं. काम एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे ही सवय तेव्हापासूनची आहे. ती पुढेही आपल्याला भेटणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. त्यांचा जन्म आपल्या महाराष्ट्रातला, नाशिकचा. १९४६ मध्ये या समितीने अहवाल दिला आणि त्यात एक मोठी गोष्ट सांगितली. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. सुरुवातीला ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सुईणी आणि बाकीचे कर्मचारी असावेत. पुढे १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचा दवाखाना असावा. आज ७५ खाटा मोजायला आपल्याला किती दूर जावं लागतं याचा विचार केला, म्हणजे तो अहवाल किती पुढचा होता ते कळतं.

देश स्वतंत्र झाला, अहवाल मान्य झाला, पण पैसा तेवढा ठेवला गेला नाही. आधी धरणं, वीज आणि पोलादाचे कारखाने उभे करू, देश कमावता झाला की बाकीचं येईलच, अशी त्या काळची समजूत होती. तिच्यात तथ्य नव्हतं असं नाही, धरणाचं पाणी आपल्यालाही मिळालं. पण १९५२ पासून जी प्राथमिक केंद्रं निघाली ती एका विकास गटाला एक, म्हणजे ६० हजारांहून जास्त लोकांमागे एक. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ही केंद्रं त्यांच्याकडे आली. म्हणून आजही गावचं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं असतं. तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय आणि भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय मात्र थेट राज्य सरकारचं. तक्रार कुठे न्यायची हे समजायला एवढा फरक लक्षात ठेवा.

त्याच काळात एक मोठं यशही मिळालं. आजीला विचारा, भिंतीवर फवारणीवाल्यांनी लिहिलेली तारीख तिला आठवत असेल. १९५३ मध्ये हिवतापाविरुद्धचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. फवारणी, रक्ततपासणी, गोळ्या, यावर पैसा लागला आणि १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा एक लाखावर आला. मग ताप संपलाच असं समजून हात सैल सोडला गेला. औषधाचा पुरवठा कमी पडला, आणि गावागावांत राखण करायला पुरेशी माणसं नेमलेली नव्हती. १९७६ मध्ये देशात ६४ लाख रुग्ण झाले. धानाला राखण असते तशी आरोग्यालाही लागते. पाखरं दिसत नाहीत म्हणून मचाण मोडलं की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.

त्याच वर्षांत सरकारच्या मनात दुसरीच समजूत घट्ट बसत होती. देश गरीब का, तर लोक फार झाले म्हणून. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनाला ६५ लाख रुपये होते. चौथ्या योजनेपर्यंत ती रक्कम शेकडो कोटींवर गेली. नर्सबाईचं काम आजार पाहण्यापेक्षा ‘केसेस’ आणण्याचं झालं. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदी झाल्या आणि त्यांत ६० लाखांहून जास्त पुरुष होते. सक्तीची नसबंदी करण्याचं विधेयक विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्रच होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा लागू झाला नाही.

१९७७ च्या निवडणुकीत लोकांनी राग मतपेटीत टाकला आणि दिल्लीतलं सरकार गेलं. नव्या सरकारने खात्याचं नाव कुटुंब नियोजन बदलून कुटुंब कल्याण केलं. यानंतर पुरुषांच्या शस्त्रक्रियेचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही, पण उद्दिष्टं राहिली. ती कोणी पूर्ण केली? आपण. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० विवाहित बायांपैकी जवळजवळ ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याची झाली असं सांगणाऱ्या हजारात तीन. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आहे, टाके कमी, विश्रांती कमी. तरी पुरुषांचा राग मतपेटीतून दिसला आणि बायकांचा दिसला नाही, म्हणून भार इकडे सरकला. याला राजकारण म्हणतात, बायांनो.

याच सुमाराला महाराष्ट्रात वेगळी वाटही दिसत होती. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवलं. त्यांतल्या कित्येक अक्षर न शिकलेल्या, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग ही कामं त्या हाताळू लागल्या. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा शहरात जगभरच्या सरकारांनी ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ असा ठराव केला. त्या विचाराचा जिवंत दाखला म्हणून जामखेडचं नाव जगात घेतलं गेलं.

ठराव मोठा होता, पण १९९१ मध्ये देशाच्या तिजोरीत परदेशी चलन संपत आलं. जागतिक बँक आणि नाणेनिधीचं कर्ज घेताना सरकारी खर्च आवरायचा असं ठरलं. आता वाऱ्याची दिशा बदलली. ज्याला परवडेल त्याने खाजगीत जावं, सरकारने फक्त अगदी गरिबांपुरतं पाहावं. केंद्राकडून राज्यांना मिळणारा पैसा आखडला. पगार कापता येत नाहीत, म्हणून आधी कापली गेली औषधं, दुरुस्ती आणि नवी भरती. इमारत उभी, नर्सबाई हजर, पण कपाट रिकामं. मग लोक काय करणार? १९८६-८७ मध्ये खेड्यातल्या दाखल होणाऱ्या १०० रुग्णांपैकी सुमारे ६० जण सरकारी दवाखान्यात जात. १९९५-९६ मध्ये ४४ राहिले. बाकीच्यांनी जमीन गहाण टाकली, दागिने मोडले.

२००४ मध्ये सरकार बदललं, खेड्यांचा विसर पडला म्हणून बदललं असं तेव्हा म्हटलं गेलं. आलेल्या आघाडीच्या कार्यक्रमात आरोग्यावरचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन ते तीन टक्क्यांवर नेऊ असं लिहिलेलं होतं. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली, उपकेंद्राला हाताशी खर्च करायला थोडा पैसा आला. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ ची गाडी धावू लागली. २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात १०० पैकी ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९ ते २१ च्या पाहणीत ९५ झाली. पैसा ठेवला की फरक पडतो.

पण या यशातही एक समजूत लपली आहे. आशाताईंना सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणतं. पगार नाही, मोबदला आणि मानधन. बाईचं सेवेचं काम म्हणजे मनाचा मोठेपणा, त्याला पगार कशाला, असा त्याचा अर्थ. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईबरोबर गाडीत बसणारी बाई बजेटच्या वहीत कर्मचारी म्हणून नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई संपावर गेल्या, पुढे मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या, आणि मार्च २०२४ मध्ये सरकारने मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. तो आकडा आपणहून कोणी लिहिला नव्हता.

आता आजच्या समजुतीकडे येऊ. सरकारने स्वतः दवाखाने चालवण्यापेक्षा रुग्णाचं बिल भरावं, मग उपचार खाजगीत होवो की सरकारीत, असा हा विचार. जुलै २०१२ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर झाली. २०१७ मध्ये भाजप-शिवसेनेच्या सरकारने तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना केलं. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या काळात ती केंद्राच्या आयुष्मान योजनेला जोडली गेली. २०२३ मध्ये महायुतीच्या सरकारने दीड लाखाची मर्यादा पाच लाख करण्याचं आणि सगळ्या कुटुंबांना तिच्यात घेण्याचं ठरवलं. बघा, तीन वेळा सत्तेचे रंग बदलले, फलक बदलले, वाट तीच राहिली. म्हणून पक्षाचा झेंडा पाहून त्याची समजूत ओळखायला जाऊ नका. वही पाहा.

या योजनेने मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी कित्येक घरं वाचवली आहेत. पण तिच्यात यादीतले उपचार असतात, तेही दाखल झाल्यावर. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, तपासणीच्या फेऱ्या, नागपूरला राहणाऱ्या सोबतिणीचं जेवण आणि तिची बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. मोठे दवाखाने शहरात आहेत, म्हणून बिलाचा पैसाही शहरातच पोचतो. रोजच्या आजाराला लागतो तो आपला जवळचा दवाखाना. त्यासाठी एक चांगला निर्णयही झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. पण फुकट केसपेपरवर लिहिलेली गोळी कपाटात असेल तरच तो निर्णय पोचला असं म्हणता येईल.

कपाट भरतं कशाने? आपल्या सिहोरा भागात कालव्याच्या टेलवर ज्यांच्या बांध्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. सोंड्याटोल्याचे पंप बावनथडीचं पाणी उचलून चांदपूर जलाशयात टाकतात, तिथून ते कालव्याने येतं. वर पाणी सोडलं म्हणून खाली पोचलं असं होत नाही. दवाखान्याच्या पैशाचंही तसंच. आरोग्य अभियानात १०० रुपयांतले ६० केंद्र देतं, ४० राज्याने घालायचे. एकाचा हप्ता उशिरा आला की पुढचं सगळं थांबतं. मग जिल्हा, मग तालुका, मग केंद्र. शेवटी मार्चमध्ये घाईघाईने खर्च, नाहीतर पैसा परत.

मुळात वरून सोडलेलं पाणीही कमीच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा आणि राज्यांनी आपल्या बजेटमधल्या १०० रुपयांतले ८ आरोग्याला द्यावेत. २०२१-२२ मध्ये देशाचा आकडा १.८४ टक्के होता. महाराष्ट्र त्या ८ रुपयांच्या निम्म्याच्या आसपास राहिला. सुधारणा झाली नाही असं नाही. २०१३-१४ मध्ये आजारपणाच्या १०० रुपयांतले ६४ लोकांच्या खिशातून जात होते, २०२१-२२ मध्ये ३९ जात होते. तरी ते ३९ कुठून येतात ते आपल्या कर्जवहीत आहे.

आणि बजेटमध्ये एक रकाना असा आहे, ज्यावर फीत कापायला कोणी येत नाही. देखभालीचा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विशेष कक्षाला आग लागली. १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्यांतल्या बहुतेक आया आपल्याच जिल्ह्यातल्या, मजुरी करणाऱ्या घरांतल्या. चौकशी झाली, निलंबनं झाली, राज्यभर रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासायचे आदेश निघाले. अग्निसुरक्षेच्या यंत्रणेचा प्रस्ताव मंजुरीवाचून पडून होता, हे त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी छापलं. बाळांचा कक्ष उभा करायला पैसा मिळाला होता. वायरी तपासायला, धूर ओळखणारं यंत्र बसवायला लागणारा पैसा त्या मानाने थोडा असतो, पण त्याचा फोटो निघत नाही. २०२४ मध्ये भंडाऱ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, याचा आनंदच आहे. त्याच्या भिंतींतल्या वायरीही दरवर्षी कोणीतरी तपासायला हव्यात.

मग आपण काय करायचं? मुंबई-दिल्लीची वही आपल्या हातात नाही, पण गावातली काही पानं आहेत. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्यासाठी अबंधित निधीची तरतूद आहे. यंदा किती आला आणि कशावर गेला, हे गटाने विचारावं. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यावर कोण बाया आहेत ते पाहावं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे. त्या सभेत एक साधा ठराव करता येतो: आपल्या उपकेंद्रात कोणती औषधं नाहीत, कोणतं पद रिकामं आहे, विजेची आणि पाण्याची सोय कशी आहे. सह्या करून तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायला लावायचा आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला द्यायची.

हे नुसतं बोलणं नाही. महाराष्ट्रात २००७ पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी दवाखान्यांवर देखरेख ठेवायचं काम सुरू केलं. गावाने गुणपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. कित्येक ठिकाणी औषधं आली, बंद उपकेंद्रं उघडली, बेकायदा पैसे घेणं थांबलं.

आणि निवडणुकीला कोणीही दारात आलं, कोणत्याही झेंड्याचं, तर रस्त्याबरोबर हेही विचारा: १०० रुपयांतले किती रुपये दवाखान्याला ठेवाल? गटात एखादी नुसतं ‘देईन’ म्हणाली तर आपण वहीत लिहीत नाही, रक्कम आणि तारीख विचारतो. इथेही रक्कम आणि तारीख विचारा.

येत्या बैठकीत कर्जवही उघडा आणि गेल्या वर्षभरात आजारपणासाठी किती कर्ज गेलं त्याची बेरीज करा. नावं सांगू नका, नुसती बेरीज. ती महिला सभेत वाचून दाखवा. पुढच्या वेळी आपण त्या बेरजांवरच बोलू.